इस्पिक सत्ती

तासगावच्या पुढं, बेदाण्याच्या शेडवर
लाइट गेली की निवडणीचं मशीन थांबतं
आणि पद्माक्का ओच्यातनं कॅट काढते.
एकावन्न पत्ते छापील. बावन्नावा
बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेला,
त्यावर बॉलपेननं सात ठिपके, सातही वाकडे.
ही आमची इस्पिक सत्ती.
पाठीवरनंसुद्धा कुणालाही ओळखू येते.

मेंढीकोटात तिला कुत्रं विचारत नाही.
आली हातात तर पहिल्याच हाताला टाकून मोकळं व्हायचं.
तिथं सगळा जीव चार दश्श्यांत.
पत्ता आम्ही टाकत नाही, आपटतो;
खालचं बारदान उडतं, गंधकाचा वास उठतो,
शेजारच्या शेडवरचा वॉचमन येऊन उभा राहतो
आणि न विचारता अक्कल शिकवतो.
समोर माझी जोडीदार जैबून.
बोलायचं नाही, खुणवायचं नाही, असा नियम आहे.
पण ती ओढणी कानामागं सारते तेव्हा
मला कळतं, हिचं किलवर संपलं.
नऊ हंगाम झाले.
घरच्या माणसाचं एवढं कधी कळलं नाही.
कोट बसला तरी दोघींवर बसतो,
डबा खाताना भांडायला कुणीतरी असतं.

बदाम सातीला आवाज नाही.
चौघी चार बाजूंना, जिची ती.
पोरांचा खेळ म्हणतात याला.
पोरांना काय कळतंय!
इथं तो पुठ्ठा म्हणजे दाराची कडी.
निघाली तर छक्की जाईल, अठ्ठी जाईल,
नाही निघाली तर
पास.
पास.
पास गं बाई.
कुणाच्या हातात आहे, सगळ्यांना दिसतंय,
तरी मागता येत नाही.

आज तो माझ्याकडं आला.
माझ्याकडं बदाम होते, चौकट होती,
दुसरं खेळण्यासारखं पुष्कळ होतं.
जैबूनचे इस्पिकचे पाच पत्ते अडलेले,
ती माझ्याकडं बघत होती
मेंढीकोटातल्या नजरेनं,
ओढणी एकदा कानामागं सारली, पुन्हा सारली.
मी चौकटची नव्वी लावली. मग दश्शी.
शेवटी ती पत्ते टाकून हसली,
"दाबून ठिवलीस की गं!"
आणि पिसायला घेतले.

शुक्रवारी शेठनं मला बाजूला बोलावलं होतं.
कोल्ड स्टोरेजला बारमाही एक बाई पाहिजे,
हजेरी लिहायला. सातवी तरी पास पाहिजे.
"तुमच्यात कोण हाय का?"
मी म्हटलं, विचारून सांगते.
जैबून सातवी पास.
मी सहावीतनं काढलेली.
अजून विचारलं नाही.

लाइट आली. मशीन खडखडलं,
हिरवा इकडं, पिवळा इकडं, काळा खाली.
पद्माक्कानं पत्ते मोजले, एक्कावन्नच भरले.
पुठ्ठा माझ्याच मांडीखाली होता,
बेदाण्याच्या चिकट्यानं परकराला डकलेला.
"उद्या मेंढीकोट," जैबून पट्ट्यावरनं ओरडली,
"तुझ्यासमोर बसलेलं बरं, शेजारी नको!"
सगळ्या हसल्या. मीही.

शेठ सोमवारी येतो.
तोवर लाइट किती वेळा जाईल
कुणाला ठाऊक.