लिफ्टचं नाणं

कुताइसीत, पाचव्या मजल्यावर,
एतेरीला पहिली ऑर्डर आली
ती मयताच्या जेवणाची.
चाळीस पानं. शिलाप्लावी, अक्रोडातली वांगी, मासे.

वहीत तिनं सगळं मांडलं:
तांदूळ, मटण, गॅस,
शेजारणीच्या पातेल्याचं भाडं
(ती घेणार नव्हती, तरी लिहिलं).

इथली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
खाली मांडवापर्यंत सहा खेपा झाल्या,
सातवीला नाणं उरलं नाही.
मोठं पातेलं जिन्यानं निघालं,
मजल्यामजल्यावर टेकत.

गेलेला ओतार तिसऱ्यावरचा.
तिच्या हातचं खायचा आणि दरवेळी म्हणायचा,
मीठ कमी आहे.

त्याच्या दाराशी ती थांबली.
झाकण सारलं,
ॲप्रनच्या खिशातली पुडी सोडली.

वहीत मीठ लिहायचं राहिलंच होतं.