पान चौऱ्याऐंशी

तीन आठवडे मी पान चौऱ्याऐंशीवर आहे.
गिरणीवालीनं अजून पट्टा चढवलेला नाही,
दारात बायका डबे घेऊन ताटकळल्यात,
आणि मी सोहारमध्ये, शाळेच्या भिंतीला गाडी लावून,
पुस्तक स्टिअरिंगला टेकवून बसलेय.
एक परिच्छेद होतो न होतो
तोवर घंटा.

पुस्तक माझं नाही.
बावीस वर्षांचं घर सतरा खोक्यांत बसवून
नसीमा परकारांनी अठरावं माझ्या दारात आणून ठेवलं.
"मराठी आहेत. कंटेनरला वजन होतंय," म्हणाल्या,
आणि मुलगा लिफ्ट धरून उभा असताना
पुन्हा उघडून बसल्या खोकं.

त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात.
गिरणीवाली दिराला हाकलते तिथं: बरं झालं.
पावसाचं वर्णन तीन पानं चालतं तिथं: पुरे.
सासू जाते त्या पानावर मात्र
एक जुना, सहा आकडी फोन नंबर,
आणि खाली:
कोळंबी, बेबी पावडर, हमीदचं इंजेक्शन.
हमीद कोण, मी कधी विचारलं नव्हतं.
आता कादंबरीपेक्षा तेच जास्त वाचते.

हेरंबची या आठवड्यात रात्रपाळी.
दिवसा घर कुजबुजत चालतं,
मिक्सर बंद, कुकर बंद, पडदे ओढलेले.
मी गॅलरीत वाचते, ओल्या चादरीच्या सावलीत.
वीस मिनिटांत चादर कडक होते,
मग सावलीची घडी घालून आत आणायची.
तो उठतो, चहा मागतो, विचारतो,
"झाली का गिरणी सुरू?"
भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला
बंद यंत्र बघवत नाही.

काल शर्वाणीनं पुस्तक उचललं
आणि अरबीच्या सवयीनं उलट्या बाजूनं उघडलं.
शेवटचं पान. अक्षर अक्षर जोडत:
"ती... प-र-त... परत गेली."
मी ओरडले, सांगू नकोस!
तर म्हणाली, "पण कुठे परत, ते लिहिलंच नाहीये."
पुढे: "आई, आपण सुट्टीत परत जातो,
मग सुट्टी संपली की पण परतच येतो ना?"
मी कुकर लावायला उठले.
हेरंब झोपलाय हे लक्षातच नव्हतं.

नसीमाताईंचा निरोप आलाय, चिपळूणहून:
घर लागलं. नळाला पाणी आहे.
शेजारीण रोज विचारते, परत कधी जाणार?

यावर काय लिहावं सुचेना.
पुस्तकाचं विचारावं म्हटलं,
मग वाटलं, त्या सांगून टाकतील.

घंटा व्हायला चार मिनिटं आहेत.
दप्तरातून पडलेली पेन्सिल सीटखाली सापडली, टोक नसलेली.
दाबून दाबून समासात लिहिलं:
दही, शर्वाणीचे मोजे, हमीद कोण?
चौऱ्याऐंशीवरच.
बायका अजून उभ्या आहेत.