चव्वेचाळीस एकाहत्तर

माझ्या टिपरवर पुढे लिहिलं होतं सातेरी प्रसन्न
आणि मागे नंबर, धुळीखाली.
रिवणहून कापशेच्या धक्क्यावर दिवसाला सात खेपा.
पैसे खेपेचे मिळत, ताडपत्रीचे नाही,
म्हणून ताडपत्री अर्धीच बांधलेली.

कुडचड्याला बाजारामागच्या सभागृहात
मी शिरलो तो पंख्याखाली बसायला.
चाळीस खुर्च्या, सतरा माणसं,
मंचावर सुकांती वेळीप,
गिटारची एक तार तुटलेली, ती तशीच लोंबत ठेवून.

*तुज्या ट्रकाक हॉर्न आसा,
म्हजे आवयक खोंकली.
चव्वेचाळीस एकात्तर रे,
खंय व्हरता म्हजो दोंगर?*

माझा चहा हातातच राहिला.
आमचा पट्टा काही फार मोठा नाही
आणि तो नंबर एकच.

कार्यक्रम संपल्यावर भांडायला गेलो.
माझाच का? शेकडो ट्रक होते.
ती केबल गुंडाळत होती, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
म्हणाली, चौथीत माझा बाक खिडकीशी होता.
बाई वजाबाकी शिकवायच्या, मी ट्रक मोजायची.
बाकीचे नंबर गाण्यात बसेनात, तुझा बसला.
एवढंच. माफी नाही, राग नाही.
वर मलाच म्हणाली, तो स्पीकर उचल जरा.

खाण तिच्या गाण्याने बंद पडली नाही.
कोर्टाच्या कागदाने पडली, सगळ्यांना ठाऊक आहे.
गाण्याने झालं ते इतकंच
की एका रात्री भात कालवताना
माझी मुलगी माझा नंबर गुणगुणली.

ट्रक बँकेने नेला.
मी जुना टेंपो घेतला, आणि त्यात
तिचे दोन स्पीकर, एक स्टँड,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले माइक.

मोरजीच्या शॅकवर मालक सांगायचा,
बाये, लोक सुट्टीवर आलेत, काहीतरी गोड म्हण.
ती दोन गोड म्हणायची, तिसऱ्याला डोंगर काढायची.
तीन हजार आणि जेवण.
मला जेवण वेगळं नाही, तिच्याच ताटातलं.

एकदा ती मांडवीतल्या कॅसिनोवरही गायली.
टिकल्यांचा झगा, चार तास, एकही शब्द स्वतःचा नाही.
त्या पैशांतून आईसाठी वाफेचं यंत्र आलं.
पुढच्या शनिवारी फोंड्यात तिने हे स्वतःच माइकवर सांगितलं.
दोघेजण उठून गेले.
ती ते गेले त्या दाराकडे थोडा वेळ बघत राहिली,
मग तार लावली.

म्हापशाला स्टुडिओत मुलगा म्हणाला,
मागे कुणीतरी खोकतंय, पुसून टाकू?
ती म्हणाली, तो ठेका आहे.

अकरा वर्षं झाली. ऐकणारे
कधी दोनशे, कधी मी आणि शॅकमधला पोऱ्या.
आमच्यात पैशांवरून वाद होतात,
डिझेलवरून तर दर आठवड्याला.
गाण्यातला नंबर काढ असं मी तिला कधी म्हटलं नाही.
का, ते मला नीट सांगता येत नाही.
तिच्या घराच्या वळणावर मी हॉर्न देत नाही, बस.

परवा कंत्राटदाराचा फोन आला.
धक्क्यावरचा माल हलवायचाय, नवा टिपर, पगार दुप्पट.
बघतो म्हणालो.
मुलीची कॉलेजची फी कागदावर मांडून पाहिली,
कागद घडी करून खिशात ठेवला.

काल काणकोणहून परतताना तिला सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
काचेवर किडे आपटत होते.
करमल घाट उतरलो
तेव्हा तिने पिशवीतून वही काढली,
टेंपोतला दिवा लावला,
पेन्सिल दातांनी टोकली
आणि म्हणाली,
नव्या गाडीचा नंबर कळला की सांग.
बसतो का बघू.