अठ्ठेचाळीस इंच

मे महिन्यातला पहिला शनिवार. फाटक दहाला उघडलं,
पण वारा पहाटेच आत येऊन बसलेला,
बिनतिकिटाचा.

ईरी सरोवर धक्क्यावर डोकं आपटतंय.
निशाणांच्या दोऱ्या खांबांवर ठणठण, ठणठण.
सीगल पुढे उडू पाहतात आणि मागे मागे जातात.
कापूससाखरेवाल्या पोरीनं पहिला गोळा काठीवर गुंडाळला,
तो तिकडे कॅनडाच्या दिशेनं निघून गेला.

माझं नाव आर्डिथ.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली.
आता उन्हाळाभर एक हिरवी काठी धरून उभी असते,
अठ्ठेचाळीस इंचांची, टोकाला पत्र्याचा बगळा.
त्याच्या चोचीला डोकं लागलं तर आत,
नाहीतर पुढल्या वर्षी.
'पुढल्या वर्षी' हे शब्द मी दिवसातून साठदा म्हणते.
आता जिभेला काही वाटत नाही.

आमच्या पाळण्याचं नाव ग्रे हेरॉन. उंची दोनशे फूट.
सकाळी डेल्मरनं गाडी रिकामी सोडून पाहिली,
म्हणजे अगदी रिकामी नाही,
माणसांच्या जागी पाणी भरलेले पुतळे,
हात नाहीत, डोकं नाही, तक्रार नाही.
दुसऱ्या चढावर गाडी रेंगाळली,
विचारात पडली,
मग जेमतेम घरी आली.
वर मनोऱ्यावर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या
वेगळ्या दिसेनाशा झाल्या होत्या.
डेल्मरनं एक शब्द गिळला आणि पाटी फिरवली: बंद.

तरीही तो आलाच.
मी त्याला ओळखलं. गेल्या वर्षी
बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घालून आला होता,
मी त्या काढायला लावल्या, हवामानाचं पान होतं वर.
दोन बोटं कमी पडला होता.

यंदा त्यानं न सांगता बूट काढले.
एका मोज्याला अंगठ्याशी भोक.
टाचा जमिनीला इतक्या दाबलेल्या
की कोणी शंका घेऊ नये.
चोच त्याच्या केसांत बुडाली, थोडी वर उचलली गेली.
"लागली," मी म्हटलं.

मग त्यानं पाटी वाचली.
रडला नाही. चोचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"पण हे परत कमी होणार नाही ना?"

होतं, बाळा.
मी स्वतः दीड इंच हरवून बसलेय, कुठे ते माहीत नाही.
पण हे आठ वर्षांच्या पोराला सांगायचं नसतं.

डेल्मरकडे पाहिलं. तो पाठ फिरवून
स्वच्छ असलेला पाना पुसायला लागला.
उभ्या गाडीत, तिसऱ्या रांगेत,
एका पाण्याच्या पुतळ्याशेजारी मी त्याला बसवलं.
मांडीवर दांडी खाली घेतली: कट्, कट्, कट्.

गाडी तसूभर हलली नाही.
फलाटाच्या एका तोंडातून वारा शिरला,
पत्रा गुरगुरला, पुतळ्यांच्या पोटातलं पाणी डुचमळलं,
आणि पोरानं डोळे मिटून दोन्ही हात वर करून
अशी किंकाळी फोडली
की कुंपणापलीकडच्या रांगेतले लोक वर रुळांकडे पाहू लागले.
बाप फलाटावर उभा होता,
टोलीडोच्या काचकारखान्याचं जाकीट,
हातात दोन बूट.

नियमांत हे कुठेच बसत नाही.
मला कोणी विचारलंही नाही.

जाताना त्याला चिठ्ठी लिहून दिली:
एमेट, उंची पूर्ण, पुढल्या शनिवारी यावे.
'शनिवारी' लिहिताना पेन जरा अडखळलं,
सवय नव्हती.
चिठ्ठी त्याच्या हातात पडते न पडते तोच वाऱ्यानं ओढली,
आणि तो कानात वारं शिरलेल्या वासरासारखा
तिच्यामागे सुटला, कारंज्याला वळसा घालून, मोज्यांनीच.

बूट अजून बापाच्याच हातात होते.