सतरा डबे

वडगावच्या दुकानात ईश्वरी
'द'वर थांबली.
मागं दोन बायका, दुधाचा क्रेट,
सुट्टे पैसे खुळखुळवणारा एक हात.
तिनं मान किंचित वळवली
आणि म्हणाली, "मोसरु."
बसप्पानं दही दिलं.
"हुशार हं पोरगी, कन्नड छान बोलते."

मी पायरीवर उभा होतो.
ती आडवाट माझ्या पायाखालची.
मीठ अडलं की उप्पु,
गूळ अडला की बेल्ल,
पोहे अडले की अवलक्की.
लोकांना वाटतं, हलगेकरांचा प्रल्हाद
दोन्हीकडचा माणूस, समजूतदार.
इथं अक्षरांवरून पाट्यांना काळं फासतात,
आणि मी आपला गुपचूप
ज्या भाषेचं दार उघडं दिसेल
तिच्यात शिरत आलो.

नावाला मात्र दुसरी भाषा नसते.

म्हणून तिचं नाव मी निवडलं.
बहिणीला पार्वती हवं होतं, बायकोला केतकी.
रातपाळीला, उद्यमबागेत, भट्टीच्या आवाजाआड
एकेक नाव तोंडात घालून पाहिलं,
आई वेखंड उगाळून माझ्या जिभेवर घालायची, तसं.
ईश्वरी सरळ बाहेर आली.
'ई'ला ओठ लागत नाहीत.
मला काय ठाऊक,
ती नेमकी 'ई'वरच बंद होईल,
श्वास गळ्याशी धरून
माझ्या सोयीच्या नावाबाहेर
ताटकळत राहील.

"सावकाश बोल," असं मी तिला म्हणत नाही.
"श्वास घे," हेही नाही.
म्हणणाऱ्यांचे चेहरे मला अजून आठवतात,
सगळी भली माणसं होती.

दुसऱ्या गेटावर आम्ही रोज थांबतो.
मालगाडी येते, अर्धी जाते,
थबकते, धक्का खाते, पुन्हा हलते.
कुणी तिचा पुढचा डबा
तिच्या तोंडातून ओढून काढत नाही.
ईश्वरी टाकीवर बसून
बोटांवर डबे मोजते.

परवा शाळेत पालकसभा.
बाईंनी वहीवर पेन टेकवलं. "आपलं नाव?"
एरवी मी कंपनीचं ओळखपत्र पुढं करतो,
नाहीतर हसून म्हणतो, "इवळ अप्पा."
ईश्वरी पहिल्या बाकावर होती.
प
ओठ मिटले ते मिटलेच.
पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं.
प
"प्रकाश?" बाई मदतीला आल्या.
मी मान हलवली, नाही.
(पूर्वी झालोय प्रकाश. एकदा बँकेत प्रमोदही.)
ईश्वरीकडं बघितलं नाही,
पण बाकाच्या कडेवर तिची बोटं
एकेक करून उघडत होती, दिसत होतं.
प्र
प्र
प्रल्हाद.

परतताना गेट उघडं होतं.
माझ्या शर्टात तोंड खुपसून ती मागून म्हणाली,
"बाबा, स... स... स..."
मी गाडी हळू केली नाही,
पुढचा शब्द मला येत होता तरी दिला नाही.
गोगट्यांचं कोपऱ्यावरचं दुकान गेलं, पेट्रोल पंप गेला.

"सतरा डबे."