नेम नाही

व्यायामशाळेच्या पोटात, बॉयलरच्या पलीकडे,
सतरा पायऱ्या उतरलं की आमची रेंज.
पाच लेन. पन्नास फूट.
वर कुणी बास्केटबॉल आपटला की
छतातून चुना गळायचा मानेवर,
आणि तरी हलायचं नाही.
कागदावर दहा काळी वर्तुळं, प्रत्येकाच्या मध्यावर
पूर्णविरामाएवढा पांढरा ठिपका.
दिवसभराच्या वाक्याला तिथे जाऊन थांबायचं.

विमा कंपनीचं पत्र फेब्रुवारीत आलं,
तळघराच्या खिडक्या बर्फाने पुरत्या मिटलेल्या होत्या.
दीड पान. 'शक्यता' हा शब्द अकरा वेळा,
आमचं नाव एकदाच,
तेही चुकीचं: शॉटगन क्लब.
आमच्याकडे शॉटगन कधी नव्हतीच.
पॉइंट बावीसच्या आठ रायफली होत्या,
घामाने ताठ झालेली चामडी जाकिटं होती,
त्यातल्या एकाच्या अस्तरावर शाईने लिहिलेलं
'हिल्या, १९५२'. ती कोण, कुणाला माहीत नाही.
तिचं माप मला बरोबर बसायचं.

मी सेक्रेटरी. म्हणून रजिस्टर घेऊन वर गेले,
सुपीरियर सरोवर दिसतं त्या मोठ्या खोलीत.
एकोणीसशे अडतीसपासूनचा अपघाताचा रकाना
वाचून दाखवला, फार वेळ लागला नाही:
एकसष्ट साली करंडक वर नेताना एकाचा पाय मुरगळला.
चौऱ्याण्णवला कोच रौतिओंचा हात भाजला,
कॉफीने.
हाल्वर्सन साहेबांनी चष्मा पुसला.
वाईट माणूस नाही. माझ्या बहिणीची फी त्यांनीच माफ केली होती.
म्हणाले, झालं नाही हे खरं,
पण कधी काय होईल,
नेम नाही.

नेम नाही!
आणि आम्ही सहा जण समोर बसलेले,
ज्यांच्याकडे तेवढं एकच होतं.

लोर्ना ट्रेव्हॅरोने फुटबॉलचं काढलं.
या मोसमात चार मुलं मैदानातून उठली
ती आज वार कोणता ते न आठवता. त्यांचा विमा आहे.
'ते वेगळं,' साहेब म्हणाले.
कसं वेगळं, ते पत्रात नव्हतं.

मग सगळ्यांनी पावलेकडे पाहिलं.
तो दक्षिणेकडून आलेला, सप्टेंबरात.
त्याच्या जुन्या शाळेत एका दुपारी काय झालं
ते आम्हाला बातम्यांतून ठाऊक होतं, त्याच्याकडून नाही.
दोन तास तो प्रयोगशाळेच्या टेबलाखाली होता.
पहिल्या दिवशी रेंजवर त्याने कानांवरचे मफ
काढले, पुन्हा घातले, काढले.
मला एवढंच म्हणाला होता:
तो आवाज कुठून सुरू होतो ते एकदा हातात धरायचंय.
आता त्याने बोलावं असं दोन्ही बाजूंना वाटत होतं.
तो उभा राहिला.
'मला दोन्ही कळतं,' म्हणाला, आणि बसला.
माझा राग आला त्याचा, दोन दिवस.
नंतर माझा मला.

शेवटच्या गुरुवारी कोचनी बोल्ट काढून मोजले,
आठ, पुन्हा मोजले, आठ.
सोमवारी पांढऱ्या सूटमधली माणसं येणार होती
शिशाची धूळ पुसायला, ऐंशी वर्षांची.
त्यानंतर तिथे पदवीदानाच्या घडीच्या खुर्च्या ठेवणार.
ओरडणं नाही, भाषण नाही. कोच रौतिओ
मुळात आठवड्याला चाळीस शब्द बोलणारे;
त्यांतले अर्धे 'श्वास सोड'.

रजिस्टरात लिहिलं:
बाहेर उणे एकोणीस. उपस्थिती सहा.
अपघात
इथे पेन अडलं माझं.
त्यांनी ते हातातून घेतलं,
भाजल्याची खूण असलेल्या हाताने लिहिलं: नाही.
जरा थांबून पुढे तारीख.

मग पंखा बंद केला.
इतकी वर्षं तो चालू होता हे
तेव्हाच ऐकू आलं.
वर कुणीतरी एकटंच खेळत होतं,
चेंडू, चेंडू, मग बराच वेळ काही नाही.
आम्ही सहाही जण, सवयीने,
श्वास अर्धा सोडून थांबलो होतो.