न उपटायची मजुरी

टाकीपासून फाटकापर्यंत
मुरमाची चार हात पट्टी. तिथे गुलाब मेले,
त्यांच्यामागे शेवंती गेली,
नागपूरहून बसच्या डिकीत आणलेलं कुठलंसं विलायती झाड
गळ्यातल्या पाटीसकट वाळलं.
नळ आमच्याकडे आठव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला.

मग जेठात
विक्सच्या डबीतून कुर्डूचं बी फेकलं.
मुंगीच्या डोळ्याएवढं, काळं, तकतकीत.
पुरलं नाही, वरून नुसता खराटा फिरवला.
शेणखत नाही. मागच्या खेपेला घातलं होतं,
तर पानंच माजली;
आम्ही त्यांची भाजी केली.

श्रावणात तेवीस दिवस उघाड.
शेजारच्या सोयाबीनने पानं मिटून घेतली
आणि इकडे मुरमात कमरेएवढे तुरे,
खाली पांढरे, शेंड्याला गुलाबी,
नुकतीच बर्फकांडी चोखलेल्या पोरांच्या ओठांसारखे.

देवकाबाई उईके फाटकाशी थांबली.
हातात डबा, कमरेला विळा.
"माय व! हे कायले लावलं, साहेब?
याले तं आमी जल्मभर उपटत आलो."

मी म्हटलं, मधलं गवत तेवढं काढ.
उकिडवी बसून ती सरकत गेली.
दोनदा तिचा हात सवयीने खोडाशी गेला,
मूठ आवळली,
आणि सुटली,
चप्पल घालून देवळात शिरल्यावर
पाय थबकावा तशी.

उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,
"गवताचे दोनशे.
अन् हे उपटलं नाही, त्याचे किती?"

पस्तीस वर्षं मी पेरेपत्रक भरलं.
सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, पड.
याला रकाना नव्हता.
मी खिसा चाचपत राहिलो.
तिने एक तुरा मोडला,
डब्याच्या कडीत खोचला
आणि निघाली.

थोटांगे कुंपणावरून बजावून गेलाय,
बी माझ्या वावरात आलं तर पाहा.
बरोबर आहे त्याचं.
म्हणून कार्तिकात, तुरे खुळखुळायच्या आत,
जुनी चादर अंथरून कापतो, झटकतो, डबी भरतो.
चार तुरे राखतो मुनियांसाठी.
त्या कुठे सांडतात, ते मी थोटांगेला सांगत नाही.

पौषात उरलेली खोडं
उभ्या उभ्या वाळतात.
त्यांना कुणी उपटावं लागत नाही.